जांभळ्या झाकणाची ट्यूब

आपण इथे एरवी किल्ले, गिरण्या, जुनी नाटकं यांच्याबद्दल गप्पा मारतो. आज एका बोटाएवढ्या नळीबद्दल बोलायचंय. रक्त तपासायला गेलात की ज्या दोन-तीन ट्यूब भरतात, त्यातली जांभळ्या झाकणाची. आत थोडं औषध असतं, रक्त गोठू नये म्हणून. पेशी मोजायच्या असतील तर रक्त पातळच राहायला हवं.

(ऐकणाऱ्यांनी मागितलं म्हणून हा भाग लिहूनही देतेय. बोलताना अडखळले तिथे सरळ केलंय, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

माझं आजोळ मढचं. मालाड पश्चिमेला मार्वे रोड संपता संपता लागतं ते मढ. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, पलीकडे वर्सोवा. आपण बोरिवली-अंधेरीवाले तिकडे शूटिंगचे बंगले बघायला जातो, पण आतमध्ये जुना कोळीवाडा आहे, बोंबील वाळत घातलेल्या वलांड्या आहेत. माझी मावशी तिथली. मासळी विकते. २००९ च्या पावसाळ्यात, होड्या किनाऱ्याला लागलेल्या असताना, तिला ताप आला. पावसात ताप म्हणजे मलेरिया, हे आमच्याकडे गृहीतच. रक्त तपासलं. मलेरिया नव्हता. पांढऱ्या पेशी मात्र १ लाख ८४ हजार. साधारण ४ ते ११ हजार असायला हव्यात. लॅबवाल्याला वाटलं मशीन चुकलं, त्याने पुन्हा रक्त मागितलं. मशीन चुकलं नव्हतं.

डाव्या बरगडीखाली जड वाटायचं तिला बरेच दिवस. टोपली उचलून उचलून वाटत असेल, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं. ती प्लीहा होती, सुजलेली.

आजाराचं नाव क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. मराठीत ‘दीर्घकालीन रक्तकर्करोग’ असं काहीतरी लिहितात, पण घरात कुणी ते म्हणत नाही. घरात ‘मावशीचं रक्ताचं’ असं म्हणतात. सुरुवातीला दर आठवड्याला रक्त, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, मग दर तीन महिन्यांनी. एकदा आम्ही दोघी मोजायला बसलो, आजपर्यंत किती वेळा सुई टोचली ते. ऐंशीच्या पुढे गेल्यावर तीच म्हणाली, पुरे.

आणि मग तिने विचारलं, “बाय, गोळी मी रोज घेते. बरी पण आहे. मग हे रगत सारखं सारखं कशाला काढतात? आणि तीन महिनेच का? कुणी ठरवलं?”

मला उत्तर येत नव्हतं. शोधत गेले, तर पावणेदोनशे वर्षं मागे जावं लागलं. तोच आजचा भाग.

१८४५, एडिनबरा. जॉन मेंटीथ नावाचा अठ्ठावीस वर्षांचा माणूस. काम काय, तर छपरांवर पाटीचे दगड बसवायचं. म्हणजे शिडीवर चढून ओझं उचलायचं. पोटाच्या डाव्या बाजूला गाठ, थकवा. फेब्रुवारीच्या अखेरीस त्याला इस्पितळात दाखल केलं, मार्चच्या मध्यावर तो गेला. जॉन ह्यूज बेनेट या डॉक्टरने शवविच्छेदन केलं, तेव्हा रक्तवाहिन्यांमध्ये त्याला पू असावा तसं काहीतरी दिसलं. त्याने लिहिलंही तसंच, रक्तात पू झालाय म्हणून. त्याच वर्षी बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिर्शो या तरुण डॉक्टरने तसंच रक्त पाहिलं, पन्नाशीतल्या एका स्वयंपाकिणीचं. त्याने जपून लिहिलं, की हा पू नाही, हे ‘पांढरं रक्त’ आहे. १८४७ मध्ये त्याने त्याला ग्रीकमधून नाव दिलं. तेच हे ल्युकेमिया. पुढे आधी कुणी पाहिलं यावरून दोघांत वाद झाला. तो आपण सोडून देऊ, विद्वानांचे वाद सगळीकडे सारखेच.

पण माझं लक्ष अडकलं ते वेगळ्याच गोष्टीवर. दोघांनीही रक्त पाहिलं ते माणूस मेल्यावर. जिवंत माणसाचं रक्त काढून, सूक्ष्मदर्शकाखाली बघून हा आजार ओळखला तो पुढच्या वर्षी, लंडनमध्ये, हेन्री फुलर नावाच्या डॉक्टरने. आणि ओळखून करणार काय? काहीच नाही. म्हणजे रक्त तपासलं जायचं एकदा. दुसऱ्यांदा तपासण्याचं कारणच नव्हतं.

हे मावशीला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. टोपलीवरचा बर्फ सारखा करत राहिली.

मोजणं आलं १८५२ नंतर. कार्ल फिअरॉर्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने मापाने रक्त घेऊन त्यातल्या पेशी एकेक करून मोजल्या. पुढे फ्रान्समध्ये मालासेने त्यासाठी चौकोन आखलेली काच बनवली. १८८० च्या आसपास पाऊल एर्लिखने काचेवर रक्ताचा पातळ थर पसरून त्याला रंग दिले आणि पांढऱ्या पेशींचे प्रकार वेगळे करून दाखवले. आजच्या सीबीसी रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, इओसिनोफिल, बेसोफिल अशी जी रांग असते, तिचं मूळ त्या रंगांत आहे.

औषध म्हणून होतं ते सोमल. हो, सोमल, आर्सेनिक! जर्मनीत १८६५ पासून ते या आजारात देत होते. पेशी कमी व्हायच्या, माणूस काही महिने बरा दिसायचा. गंमत म्हणजे १८८२ च्या ‘लॅन्सेट’मध्ये अशा एका रुग्णावर टिपण छापलं आहे, लिहिणारा बर्मिंगहॅममधला तरुण डॉक्टर आर्थर कॉनन डॉयल. शेरलॉक होम्स अजून जन्माला यायचा होता. सोमल चालू असताना रक्त पुन्हा पुन्हा बघायला आता थोडं कारण मिळालं. आकडा खाली आला की डोस थांबवायचा, वर गेला की पुन्हा द्यायचा. १९०२ पासून क्ष-किरण आले. प्लीहेवर किरण टाकायचे, गाठ वितळायची, पेशी उतरायच्या. काही काळाने सगळं परत यायचं.

हे सगळं मुंबईशी येऊन भिडतं ते १९३१ मध्ये.

मेहेरबाई टाटा तुम्हाला ठाऊक असतील त्या ज्युबिली हिऱ्यामुळे. २४५ कॅरटचा हिरा, १९२४ च्या सुमारास पोलादाची कंपनी बुडायला आली तेव्हा दोराबजींनी तो गहाण ठेवला, ही गोष्ट सोशल मीडियावर दर दोन महिन्यांनी फिरते. मला मेहेरबाई आवडतात त्या हिऱ्याशिवाय. १८७९ चा जन्म, भाभांच्या घरातला. होमी भाभा त्यांच्या भावाचा मुलगा. साडी नेसून टेनिस खेळायच्या आणि चांगल्या चांगल्यांना हरवायच्या. बालविवाहाविरुद्धचा जो कायदा १९२९ मध्ये झाला, शारदा कायदा, त्याच्यासाठी त्या सभा घेत होत्या. अशा बाईला ल्युकेमिया झाला. १८ जून १९३१ ला वेल्समधल्या रुथिन इथे, इलाज चालू असताना त्या गेल्या. वय ५१.

जरा विचार करा. देशातल्या सर्वांत श्रीमंत घरांपैकी एक. जगातला कुठलाही डॉक्टर परवडणारं. आणि त्या काळात जगाच्या हाती होतं ते हेच, सोमल आणि किरण. इथे पैशाचा प्रश्नच नव्हता. विकत घ्यायला काही नव्हतं.

दोराबजींनी १९३२ च्या एप्रिलमध्ये पत्नीच्या नावाने एक न्यास केला, ल्युकेमियावर संशोधन करणाऱ्यांना जगभर पैसे देण्यासाठी. लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट. तो आजही चालू आहे. मग ते युरोपला निघाले, बायकोची कबर बघायला म्हणून. वाटेत जर्मनीत, ३ जूनला, तेही गेले. इंग्लंडमध्ये ब्रुकवुडच्या दफनभूमीत दोघं शेजारी शेजारी आहेत. त्यांच्या मोठ्या न्यासाच्या विश्वस्तांनी पुढे परळला कर्करोगाचं इस्पितळ उभं केलं. २८ फेब्रुवारी १९४१ ला टाटा मेमोरियल सुरू झालं. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा खात्याकडे गेलं, तेव्हा खात्याचे प्रमुख होते होमी भाभा. आत्याच्या आजारातून निघालेलं इस्पितळ भाच्याच्या खात्यात आलं. मी हे वाचलं त्या दिवशी मावशीची फाइल माझ्या पिशवीत होती.

आता परळबद्दल दोन शब्द, कारण रक्ताच्या बाबतीत परळ म्हणजे एक गावच आहे. प्लेगची लस करणारी हाफकिन संस्था तिथे. १९२६ पासूनचं केईएम तिथे. याच केईएमच्या डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ‘बॉम्बे रक्तगट’ जगाला दाखवला. टाटा समोरच. आणि टाटाच्या प्रयोगशाळेत डॉ. वसंत रामजी खानोलकर, ज्यांना आपल्याकडच्या विकृतिशास्त्राचे जनक म्हणतात. त्या काळी पेशी मोजायच्या म्हणजे काय? बोट टोचायचं, बारीक पिपेटमध्ये रक्त तोंडाने ओढायचं (हो, तोंडाने), द्रावण मिसळायचं, थेंब चौकोनांच्या काचेवर ठेवायचा, आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एक, दोन, तीन, चार. ल्युकेमियाच्या माणसाच्या पेशी इतक्या, की रक्त जास्त पातळ करून घ्यावं लागे. एका माणसाला वेळ लागायचा, आणि दोघांचे आकडे जुळतील याची खात्री नसायची.

कोळीवाड्यांना हे बोट टोचणं नवीन नव्हतं. मुंबईतल्या मलेरियावर बेंटली या अधिकाऱ्याचा अहवाल १९११ चा आहे. स्वातंत्र्यानंतर १९५३ पासून हिवतापाची राष्ट्रीय मोहीम आली, आणि घरोघर माणूस यायचा, बोट टोचायचा, काचपट्टीवर थेंब घ्यायचा. माझ्या आजीच्या तोंडी त्याला ‘काचवाला’ असंच नाव होतं. पोरं त्याला बघून होडीखाली लपायची. मावशीही लपली आहे, तिनेच सांगितलं. पण तो काचवाला वर्षातून एखाद-दोनदा यायचा, आणि ताप नसेल तर पुढे जायचा.

मोजणी सोपी केली वॉलेस कूल्टर या अमेरिकन माणसाने. १९५३ मध्ये त्याला पेटंट मिळालं. कल्पना इतकी साधी, की वाटतं आपल्याला का नाही सुचलं. एका बारीक भोकातून वीज वाहते. रक्तातली पेशी त्या भोकातून गेली की विजेला क्षणभर अडथळा होतो. अडथळे मोजा, पेशी मोजल्या. आज गल्लीतल्या लॅबमधली यंत्रंही बरीचशी त्याच तत्त्वावर चालतात. त्याच वर्षी लंडनमध्ये गॅल्टनने बुसल्फान नावाची गोळी या आजारात वापरून दाखवली. गोळी आणि यंत्र एकाच वर्षी. गोळी अशी, की जास्त झाली तर रक्तच आटायचं, म्हणून मोजत राहणं भाग. वारंवार रक्त तपासायची सवय मला वाटतं इथून खरी सुरू झाली. पण हेही सांगायला हवं, की आकडा नीट राहिला म्हणून माणूस वाचायचा नाही. तीन-चार-पाच वर्षांत आजार एकदम उसळी घ्यायचा, आणि मग आटोक्यात यायचा नाही. रिपोर्ट चांगला आणि माणूस जाणार, अशी ती विचित्र वर्षं. १९८३ मध्ये टाटात देशातलं पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं, डॉ. सुरेश अडवाणींनी केलेलं. तो एक रस्ता उघडला, पण जुळणारा भाऊ किंवा बहीण हवी, पैसा हवा, आणि जीव जाण्याची जोखीम पत्करायची तयारी हवी.

दरम्यान रक्ताच्या आत काय बिघडलंय ते सापडलं होतं. १९६० मध्ये फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं. १९७३ मध्ये जॅनेट राउली या बाईंनी दाखवलं, की ते नुसतं तुटलेलं नाही, नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केली आहे. (म्हणूनच या आजाराचा जागतिक दिवस नवव्या महिन्याच्या बावीस तारखेला असतो, २२ सप्टेंबर.) त्या अदलाबदलीतून एक नवा जोडजनुक तयार होतो, त्याचं नाव बीसीआर-एबीएल. तो पेशींना सांगतो वाढा, वाढा, वाढतच राहा. १९९८ मध्ये त्यालाच गप्प करणारी गोळी माणसांवर वापरायला सुरुवात झाली. इमॅटिनिब. मे २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता.

इमॅटिनिबची भारतातली लढाई तुम्ही ऐकली असेल, म्हणून भराभर सांगते. मूळ कंपनीची गोळी तेव्हा महिन्याला सुमारे १ लाख २० हजारांची होती, आपल्याकडच्या कंपन्यांची ८ ते १० हजारांची. पेटंटला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला, आणि १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केलं. खंडपीठात न्यायमूर्ती आफताब आलम आणि आपल्या मुंबईच्या न्यायमूर्ती रंजना देसाई. हेही खरं, की त्याच कंपनीने २००२ पासून मॅक्स फाउंडेशनबरोबरच्या योजनेतून हजारो भारतीय रुग्णांना गोळी फुकट दिली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, एक सांगून दुसरी लपवायची गरज नाही.

पण या आजाराचा इतिहास आपण नेहमी गोळीचा इतिहास म्हणून सांगतो, आणि तिथेच माझी तक्रार आहे. २०१३ ला निकाल लागला, गोळी स्वस्त राहिली, संपली गोष्ट, असं लेख सांगतात. रुग्णाची गोष्ट तिथे संपत नाही. गोळी घरी येते. तपासणीला घरातून उठून जावं लागतं. आणि गोळी स्वस्त झाली तितकी ती तपासणी झाली नाही.

कारण ती आता साधी सीबीसी नाही. गोळी सुरू झाल्यावर एक-दोन महिन्यांत पांढऱ्या पेशी सामान्य होतात, यंत्राला काहीच दिसत नाही. आजार मात्र आत असतो, दडून. तो शोधायला पीसीआर लागते, कोविडमध्ये सगळ्यांना माहीत झाली तीच पद्धत, इथे बीसीआर-एबीएल किती उरलंय ते मोजायला. पूर्वी प्रत्येक प्रयोगशाळेची फूटपट्टी वेगळी होती. मुंबईतला एक आणि दिल्लीतला एक यांची तुलनाच करता येत नसे. २००५-०६ च्या सुमारास जगभरच्या तज्ज्ञांनी एक आंतरराष्ट्रीय मापनपट्टी ठरवली. तिच्यावर उद्दिष्टं आहेत. तीन महिन्यांनी १० टक्के किंवा खाली, सहा महिन्यांनी १, वर्षाने ०.१. त्या टप्प्यावर आकडा उतरला नाही, तर गोळी बदलायचा विचार करायचा. आता नुसती शंभर टक्क्यांत मोजायची गोष्ट राहिली नाही. हजारात एक, दहा हजारांत एक इतकं बारीक मोजलं जातं.

तर मावशी, तुझं उत्तर हे. तीन महिने अशासाठी, की त्याहून लवकर बघितलं तर बदल दिसायला वेळच मिळत नाही, आणि त्याहून उशीर केला तर गोळी निकामी होत असली तरी आपल्याला कळायला फार उशीर झालेला असेल.

ती म्हणाली, “असं सांगितलं असतं आधी, तर मी तेव्हा एवढी रडले नसते.”

‘तेव्हा’ म्हणजे २०१४. तिचा आकडा ०.०८ होता, तो ०.१३ झाला. वेशीच्या आत होती, बाहेर गेली. तिने दोन दिवस भाकरीला हात लावला नाही. घरात हलकल्लोळ. मीच रिपोर्ट वाचून दाखवला होता फोनवर, आणि माझ्याच आवाजात काहीतरी झालं असणार. डॉक्टरांनी बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, गोळ्या चुकल्या का? चुकल्या होत्या. भाचीच्या हळदीच्या आठवड्यात उलट्या व्हायला लागल्या म्हणून तिने पाच-सहा दिवस गोळी खाल्लीच नव्हती, आणि कुणाला सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, जेवणाबरोबर घ्या, मोठा ग्लासभर पाणी प्या, आणि महिन्याने पुन्हा रक्त द्या. इतक्या खालच्या पातळीवर आकडा दुप्पट-तिप्पट इकडेतिकडे झाला तर तो एकटा काही सांगत नाही, दोन-तीन रिपोर्ट एकत्र बघायचे. महिन्याने ०.०७ आला.

तेव्हापासून तिने काही गोष्टी ठरवल्या. या तिच्या आहेत, डॉक्टरांच्या नाहीत, पण मला पटतात. रक्त एकाच लॅबमध्ये द्यायचं, पाचशे रुपये वाचतात म्हणून दुसरीकडे जायचं नाही, कारण आकडे जुळत नाहीत. आदल्या रात्री आणि सकाळी पोटभर पाणी, म्हणजे शीर सापडते. (एका लॅबमध्ये नवख्या मुलाने तिला चार वेळा टोचलं होतं, हात आठवडाभर निळा. त्यानंतर ती शिकली आहे सांगायला, ‘डावा हात, कोपराच्या जरा खाली, बारीक सुई लाव.’) रिपोर्ट फोनवर आला तरी उघडायचा नाही, डॉक्टरांसमोरच उघडायचा. हा नियम तिने मोडलाय, अर्थात. आणि एक वही. तारीख, आकडा, त्या दिवशी बाजारात काय भाव होता. ०.०६ च्या शेजारी ‘पापलेट महाग’ असं लिहिलंय.

जायचा दिवस तिचा अख्खा जातो. पहाटे जेट्टीवरून वर्सोव्याला होडी, पाच-सात मिनिटांत पलीकडे. मग रिक्षा नाहीतर मेट्रोने अंधेरी, लोकलने दादर, पुढे परळ. पावसाळ्यात ही होडी बंद. मग मालाडला जाणारी २७१ धरायची, मार्वे रोडच्या ट्रॅफिकमधून, नंतर तीच लोकल. मढ आणि वर्सोवा समोरासमोर दिसतात, पण रस्त्याने वीसेक किलोमीटरचा वळसा आहे. एक दिवस रक्त द्यायचा, एक दिवस रिपोर्ट दाखवायचा. दोन दिवसांचा धंदा बुडतो, आणि हे वर्षात चार वेळा. तपासणीची किंमत म्हणून पावतीवर जो आकडा असतो त्यात हे धरलेलं नसतं. विदर्भातून, बिहारमधून येऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहणाऱ्यांचं तर विचारायलाच नको. जगात यावर उपाय शोधणं चालू आहे. अमेरिकेत सिॲटलच्या एका संशोधनसंस्थेने अशी सोय केली, की दूरच्या देशांतल्या रुग्णांचे रक्ताचे थेंब कागदावर सुकवून टपालाने पाठवायचे आणि तिकडे बीसीआर-एबीएल मोजायचं. काचवाल्याचा थेंबच, फक्त कागदावर. मावशीला ही कल्पना एकदम पसंत.

मध्ये एका श्रोत्याने विचारलं होतं, माझ्या वडिलांना ल्युकेमिया आहे पण औषधच देत नाहीत, नुसतं रक्त तपासतात, हे काय? तो दुसरा प्रकार, क्रॉनिक लिम्फोसायटिक. पाश्चात्त्य देशांत जास्त, आपल्याकडे कमी, बहुतेक वयस्कर माणसांना होतो. तिथे इतिहास उलटा आहे. लवकर औषध दिलं तर जास्त जगतील असं वाटायचं. फ्रान्समध्ये मोठ्या चाचण्या झाल्या, १९९८ मध्ये निकाल छापले गेले, आणि दिसलं की सुरुवातीच्या, शांत टप्प्यात औषध देऊन आयुष्य वाढत नाही. म्हणून थांबायचं आणि बघायचं. दर तीन किंवा सहा महिन्यांनी आकडा. घरच्यांना वाटतं डॉक्टर काहीच करत नाहीत. वडिलांना सांगा, की हे वाट बघणं अनेक रुग्णांवर पारखून ठरलेलं आहे. तरी त्यांना चिडायचा अधिकार आहे, तो काढून घेऊ नका.

आणि शेवटची गोष्ट, जी ऐकून मावशी मोठ्याने हसली. २०१० मध्ये फ्रान्समधूनच एक अभ्यास आला. ज्यांच्या रक्तात दोन वर्षं बीसीआर-एबीएल सापडतच नव्हतं अशा शंभर रुग्णांची गोळी बंद केली. साधारण चाळीस टक्क्यांना पुन्हा घ्यावी लागली नाही. बाकीच्यांचा आजार परतला, बहुतेकांचा पहिल्या सहा-सात महिन्यांत, आणि गोळी परत सुरू केल्यावर आटोक्यातही आला. म्हणजे काहींना गोळी सोडता येते. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, मनाने नाही, हे मोठ्या अक्षरांत ऐका. पण गोळी सोडली की रक्त कधी तपासायचं? सुरुवातीला दर महिन्याला.

“म्हणजे गोळी सुटली तर सुई वाढणार,” मावशी म्हणाली. “नको बाय. मी गोळीच खाते.”

डॉक्टरांनी तिला गेल्या वर्षी विचारलं होतं या पर्यायाबद्दल. तिने अजून काही ठरवलेलं नाही. हसली ती खरी, पण त्या रात्री मला फोन करून पुन्हा विचारलं, चाळीस म्हणजे शंभरातले चाळीस ना?

पुढची तारीख ऑगस्टमध्ये आहे, नारळी पौर्णिमेच्या आधी. होडी तोवर सुरू झालेली नसेल, म्हणून मी मालाड स्टेशनला भेटणार आहे, सकाळी साडेसहाला. तिने सांगून ठेवलंय, येताना पाण्याची मोठी बाटली आण.

भेटूया पुढच्या भागात.